वळणावरची आंगवण

१७ नोव्हेंबर २०१३, रविवार

शांत! दिवसभर हा एकच शब्द कानावर आदळतोय. किती शांत रस्ता, किती शांत नदी, किती शांत गाव. अनंत पणजीहून पाहुणे घेऊन येतो, दिवाडी बेटावरून फेरीबोटीने नार्व्याला उतरवतो, सायकलीवर बसवतो आणि बोट दाखवत सांगत सुटतो — हे सप्तकोटेश्वराचं देऊळ, हा कदंबांचा मुलूख, आणि हा गोव्यातला सगळ्यात शांत रस्ता.

अरे मेल्या, शांत का आहे तेही सांग ना! कोर्टाने खाण बंद केलीय म्हणून शांत आहे. माझा खनिज वाहायचा टिपर अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे म्हणून शांत आहे. गेल्या वर्षापर्यंत खाणीपासून जेटीपर्यंत टिपरांची रांग असायची, म्हातारी माणसं रस्ता ओलांडायला तासन्‌तास उभी राहायची. तेव्हा यायचं होतं सायकल घेऊन.

आणि मी काय करतो? त्यांच्या मागून पिकअप चालवतो. कोणी दमला की त्याला सायकलीसकट मागे घालायचं. पाण्याच्या बाटल्या, केळी, पंक्चरचं सामान. भरलेला टिपर पावसात घाटी उतरवणारा माणूस मी, आणि आता सायकलींच्या मागे पहिल्या गिअरात!

घरी आलो तर सुमंगला म्हणते, दिवे लागायच्या आत आलात, बरं झालं. तिला हे रोज बरं वाटतं. बायको घरात खूश आणि नवरा धुमसतोय, असं आमचं वर्षभर चाललंय.

२० नोव्हेंबर

दत्तारामकडे ट्रकवाल्यांची बैठक. दत्ताराम आमचा पुढारी, गावात सगळ्यात जास्त टिपर त्याचे. सरकारला जाब विचारायचा, पणजीत रस्ता अडवायचा. घसा बसेपर्यंत ओरडलो. बरं वाटलं. प्रभावती वहिनी, म्हणजे त्याची बायको, चहा आणि उंडे पाव देऊन गेल्या. त्या कधी काही बोलत नाहीत.

घरी येऊन बघतो तर टिपरच्या केबिनमध्ये कोंबडी अंड्यांवर बसलेली. सुमंगला म्हणे, बसू दे, उबवतेय. माझ्या सीटवर!

२४ नोव्हेंबर, रविवार

राखणदाराच्या वळणावर पंक्चर. रस्ता नदीकडे उतरतो तिथे वडाखाली राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, घुमटी आहे. आम्ही टिपरवाले तिथे हॉर्न दिल्याशिवाय कधी पुढे गेलो नाही. अवसेला सोड्याची बाटली, विडी, नारळ. विठ्ठल गेला तोही याच वळणावर. माझ्या पुढचा टिपर त्याचा. ब्रेक लागला नाही, सरळ खाली. त्याचं नाव कोणी काढत नाही. मी तरी कशाला लिहितोय.

चाक काढून बघितलं तर टायरमध्ये बारीक पोलादी तार. टिपरचे टायर या उतारावर फाटायचे, त्यातल्या तारा अजून मातीत पडल्यात. म्हणजे आमच्याच! मनातून गार वाटलं. अनंतला काही सांगितलं नाही. काढू दे पंक्चर.

१ डिसेंबर, रविवार

परत तिथेच. आज दोघांच्या सायकली. उन्हात पाहुणे वैतागले, एक बाई तर फेरीबोटीकडे पायीच निघाली. अनंतचं तोंड एवढंसं झालं. मला म्हणाला, असंच चाललं तर हा मार्ग सोडतो आणि दिवाडीतल्या दिवाडीत फिरवतो. तिथे पिकअपची गरज नाही.

मी म्हटलं, सोड. माझं काय जातंय!

जेवण गेलं नाही. हे काम मला नकोच आहे. पण हेही गेलं तर काय करू? दारात बसून ताडपत्रीकडे बघत राहू? सगळ्या जगाचा राग येतो.

३ डिसेंबर

बाबली गावकराकडे गेलो. राखणदाराला गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याचा, वय झालंय पण आवाज खणखणीत. पंक्चरचं सांगितलं. तारेचंही सांगितलं. तो म्हणाला, तार असो नाहीतर खिळा असो, वाट अडवणारा तोच. कोणीतरी आंगवण, म्हणजे नवस, बोललंय, मागितलेलं मिळालंय, आणि फेडलेलं नाही.

मला वाटलं, माझंच काही राहिलंय. टिपर थांबल्यापासून मी तिथे एक विडीसुद्धा ठेवलेली नाही. मुद्दामच! आमच्या पोटावर पाय आला तेव्हा हा राखणदार काय झोपला होता?

पण काम टिकवायचं तर नाक घासायलाच हवं. शनिवार ठरला. बाबली म्हणाला, जोडीने ये. तिठ्यावर सगळ्यांना सांगून आलो, माझं गाऱ्हाणं आहे, या.

सुमंगलाला सांगितलं तर तिचा चेहरा पांढराफटक. म्हणे, तुम्ही एकटे जा, माझं डोकं दुखतंय. शनिवारचं डोकं मंगळवारीच दुखतंय! ओरडलो तिच्यावर. यायचं म्हणजे यायचं.

७ डिसेंबर, शनिवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

सगळा गाव जमला होता. दत्ताराम, प्रभावती वहिनी, झाडून सगळे टिपरवाले बायकांना घेऊन. आमच्याकडे गाऱ्हाण्याला होकार पुरुषांनी द्यायचा. बाबलीने नारळावर हात ठेवून सुरू केलं, ‘बा देवा राखणदारा, आज ह्या लेकरान तुझ्या पुढ्यात नारळ ठेयलो हा, तो मान्य करून घे, म्हाराजा.’ आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. मी सगळ्यांत मोठ्याने.

मग तो थांबला. म्हणाला, नारळ फोडायच्या आधी कोणाची आंगवण राहिली असेल तर बोला. मी तोंड उघडणार एवढ्यात मागून सुमंगला म्हणाली, ‘माझी आहे.’

पुढे जाऊन ती बाबलीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. पण देवाला सांगायचं ते कुजबुजून चालत नाही. बाबलीने मान हलवली आणि सगळ्यांसमोर घातलं गाऱ्हाणं —

‘बा देवा म्हाराजा, ह्या बायेन तुका मागणा घातल्यान, ह्यो रस्तो गप्प कर, माझो घोव दिवो लागाच्या आदी घराक येवंदे. ता तुया केलंस. आज ती आंगवण फेडता हा, ती पदरात घे, म्हाराजा.’

आणि मी, बैलोबा, सवयीने ओरडलो, व्हय म्हाराजा!

मी एकटाच. वडावरचे कावळे तेवढे उडाले.

८ डिसेंबर, रविवार

आज पंक्चर झालं नाही. डोकं आणखीच फिरलं.

संध्याकाळी तिठ्यावर दत्ताराम सगळ्यांसमोर म्हणाला, आपण उगाच दिल्लीच्या कोर्टाला नावं ठेवतो, खाण तर ह्या कृष्णनाथाच्या, म्हणजे माझ्या, बायकोने बंद पाडली. फिदीफिदी हसले सगळे. त्याच्या कानाखाली आवाज काढायला हवा होता. काढला नाही. मान खाली घालून आलो. पुढच्या बैठकीला कोणत्या तोंडाने जाणार?

१० डिसेंबर

आज विचारलंच. म्हटलं, गो, एवढ्या घरांच्या चुली बंद झाल्या, आपलीसुद्धा, आणि तू हे मागितलंस? देवापुढे उभी राहून?

ती भात वाढत होती. हातातला डाव खाली ठेवला.

‘विठ्ठल गेला त्या दिवशी त्याचं रक्त तुमच्या शर्टावर होतं. मी धुतला. तो सुकलासुद्धा नव्हता, आणि तुम्ही दुसरा घालून ट्रिपेला गेलात. मी कोणाकडे जायचं होतं?’

मी म्हटलं, म्हणून खाण बंद कर म्हणायचं?

‘खाण मी मागितली नाही. रस्ता गप्प मागितला. बाकीचं त्याने केलं.’

ताट सरकवून उठलो. कुठे जायचं सुचेना, टिपरमध्ये जाऊन बसायला गेलो तर कोंबडी चोच मारायला धावली. माझ्याच गाडीतून मला हाकलते! अंगणात उभा राहून शिव्या घातल्या. कोंबडीला, कोर्टाला, राखणदाराला. बायकोला घालायच्या होत्या, त्या तोंडातून निघाल्या नाहीत.

ट्रिपेला गेलो नसतो तर दुसरा कोणी माझी जागा घेऊन गेला असता. हे तिला कोण सांगणार? सगळेच गेले होते दुसऱ्या दिवशी. दत्तारामसुद्धा.

१२ डिसेंबर

बोलणं बंद. तीही बोलत नाही. ताट मात्र वेळेवर येतं. केबिनमध्ये पिल्लं चिवचिवतायत.

१५ डिसेंबर, रविवार

सायकली पुढे, मी मागे. वळणाच्या अलीकडे अनंतने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. रस्ता भरलेला. मला वाटलं अपघात. उतरून पुढे गेलो.

रांग होती. घुमटीपासून पार मोरीपर्यंत, जिथे आमचे टिपर उभे असायचे तिथे. टिपरवाल्यांच्या बायका. प्रत्येकीच्या हातात नारळ. सगळ्यांत पुढे प्रभावती वहिनी. मला बघून त्यांनी पदर ओढून घेतला, पण रांग सोडली नाही. विठ्ठलची बायको रांगेत नव्हती. ती बाजूला दगडावर बसून बघत होती.

अनंतने हळूच विचारलं, आज कसला सण आहे? मी त्याला सायकली कडेला घ्यायला सांगितलं.

बाबलीने प्रभावती वहिनींच्या नारळावर हात ठेवला, सुमंगलाचं होतं तेच गाऱ्हाणं घातलं आणि होकारासाठी थांबला. होकार द्यायला गावातला दुसरा पुरुष तिथे नव्हता. मी एकटाच.

म्हटलं, व्हय म्हाराजा.