गेरूचं बोट

नागपूर,
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
वैदेहीचा सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. आईचे लाडू वसतिगृहात दोन दिवसही टिकले नाहीत, तुमच्या मोजणीच्या वह्या मात्र सगळ्या एकोणीस पोचल्या. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र कपाटात विश्रांती घेतंय, म्हणून हे पत्र. एम.टेक.च्या वर्गात माझी चेष्टा चालते, की दिवसभर कॉम्प्युटरवर खाण उभी करते आणि संध्याकाळी तिकीट चिकटवायला पोस्टात जाते.

काम छान चाललंय. उकव्याच्या धाकट्या खाणीत छत तोलायला न खोदता ठेवलेले मँगनीजचे खांब दर महिन्याला किती झिजत गेले, ते मी तुमच्या आकड्यांवरून मांडतेय. सरांच्या मते हातानं लिहिलेली इतकी सलग मोजणी आमच्या विभागात कुणाकडेच नाही. मी लगेच सांगून टाकलं, की बाबा तिथे सर्व्हेअर होते.

प्रत्येक पानाखाली भैयालालकाकांचं गेरूचं बोट पाहून मला लहानपणच्या तुमच्या गोष्टी आठवल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. मोजणीच्या फितीचं दुसरं टोक धरायचं आणि मोजणी संपली की खुणेच्या डब्यातल्या गेरूत बोट बुडवून पानावर टेकवायचं, म्हणजे हे माप माझ्यासमोर झालं. किती ऐटीत सांगायचात तुम्ही!

एकच पान अडलंय. ९ फेब्रुवारी २००३, सात नंबरचा खांब. खाली बोट नाही, आणि आकडे म्हणजे जानेवारीचेच, प्रत्येकातून बरोबर पाच फूट वजा केलेले. दगड एवढा शिस्तीचा नसतो ना, बाबा? सवडीनं कळवा.

आईला नमस्कार. तुम्हा दोघांची माया पोटभर मिळतेय, ती चालू ठेवा.

तुमची,
वैदेही

*

बालाघाट,
२० फेब्रुवारी २०२५

चि. वैदेहीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझी आई ते तीनदा वाचून गेली आणि लाडवांची दुसरी खेप लागली आहे. तुझ्या भावानं, अपूर्वनं, इंदूरहून तिला फोन केला होता. त्याच्या एमबीएत म्हणे आठवड्याला दोन भाषणं द्यावी लागतात. बोलण्यात तो कधीच मागे नव्हता, आता त्याचेच मार्क मिळतात म्हणजे बरंच झालं.

त्या पानाचं एवढं मनावर घेऊ नकोस. गेरूच तो, पुसला जातो. आकडे उतरवताना तुझीही चूक झाली असेल. एकोणीस वह्यांतलं एक पान वगळलं तर काही बिघडत नाही. तुझे सर सांगतील तसं कर आणि जूनमध्ये पदवी घेऊन ये.

इकडे ऊन तापायला लागलं. डोळ्यांना जप. आमचे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच.

तुझा,
बाबा

*

नागपूर,
५ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला टाळताय, आणि तेही तुम्हाला धड जमत नाही. गेरू पुसला तर डाग राहतो. हे पान कोरं आहे.

भैयालालकाका सात नंबरच्याच खांबाजवळ छत कोसळून गेले, १९ फेब्रुवारीला. म्हणजे त्या पानानंतर दहा दिवसांनी. त्या पानात खांब वीस फूट शिल्लक आहे. अपघातानंतर पलीकडच्या बाजूनं घेतलेल्या मोजणीत तो नऊ फूट आहे. दहा दिवसांत अकरा फूट दगड कुणी खाल्ला? मी कॉम्प्युटरवर दोन्ही चालवून पाहिलं. वीस फुटांचा खांब उभा राहतो, नऊ फुटांचा राहत नाही. कितीही वेळा चालवा, नाहीच राहत.

सरांना दाखवलं. ते म्हणाले एक माप चुकीचं समज, काढून टाक आणि जूनमध्ये सादर कर. मला काढता येत नाहीये. चौकशीत भैयालालकाकांचीच चूक ठरली होती ना? कुठवर खोदायचं ती गेरूची रेघ त्यांनी भलत्याच जागी मारली, असं? काकांमागे त्यांच्या पत्नीला, गोदाकाकूंना, त्या बोलण्यापायी कंपनीची वस्ती सोडावी लागली, हे आईनंच मला सांगितलंय.

तो रविवार होता, मी कॅलेंडर पाहिलं. बाबा, त्या रविवारी तुम्ही कुठे होतात?

उत्तराची वाट पाहते. रागावलात तरी चालेल, गप्प राहू नका.

वैदेही

*

बालाघाट,
१७ मार्च २०२५

चि. वैदेहीस,
अ. उ. आ.

मी जबलपूरला होतो. एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा द्यायला.

खाणीचं काम रविवारी बंद, म्हणून मोजणी रविवारी. आणि परीक्षाही रविवारी. बावीस वर्षांपूर्वी मी चौतीसचा होतो, तू दोन वर्षांची. सर्व्हेअर म्हणून जन्म घालवायचा नव्हता मला. आईनं पुऱ्या बांधून दिल्या. परीक्षेचं तिला ठाऊक होतं, मोजणीचं नाही. मॅनेजरसाहेबांकडे रजा मागितली असती तर परीक्षेचं कळलं असतं आणि नापास झालो असतो तर हसं झालं असतं. एवढ्याशा लाजेपायी मी मागितली नाही.

सोमवारी कार्यालयात बसून पान भरलं. तो खांब महिन्याला पाचेक फुटांनीच झिजायचा, म्हणून पाच वजा केले. त्या महिन्यात मॅनेजरसाहेबांनी दोन पाळ्या लावून जास्त माल काढला होता, ते मला माहीत नव्हतं. खाली उतरलो असतो तर डोळ्यांनीच दिसलं असतं.

भैयालाल रविवारी फीत घेऊन खाणीच्या तोंडावर दोन तास थांबला होता. त्याला थाप मारली, की शनिवारीच दुसऱ्याला घेऊन मोजलं. तरी रिवाजाप्रमाणे बोट लाव म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, साहेब, फीत मी धरली नाही, तं बोट मी काहून लावू, ज्यानं धरली त्याले सांगा. पण आकडा त्यानं खरा मानला. माझ्या नकाशावरूनच त्यानं रेघ मारली, अगदी नकाशात होती तिथे. चौकशीत नकाशा बरोबर ठरला, म्हणून रेघ चूक ठरली.

परीक्षेत मी पास झालो होतो. प्रवेशाचं पत्र आलं, ते चुलीत घातलं. तुला एम.टेक. कर म्हणून मागे लागलो, तेव्हा तू विचारायचीस की बाबांना एवढी हौस कुठून आली. ही इथून.

आता बापाचं ऐक. सर म्हणतात तर ते पान काढ. भैयालाल परत येणार नाही. तुझी पदवी, माझं उरलेलं नाव, तुझ्या आईचं या गावातलं उठणं-बसणं, सगळं त्या पानावर आहे. मी हे मागतो आहे, सांगत नाही. आमचा जीव तुझ्यात आहे, एवढं लक्षात ठेव.

बाबा

*

नागपूर,
२५ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस जेवले नाही. तुमचा राग येतो आणि पुऱ्या घेऊन निघालेले चौतीस वर्षांचे बाबाही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पण मी ते पान काढणार नाही. काढलं, तर तुम्ही एकदा केलंत तेच मी कॉम्प्युटरवर करीन आणि त्यासाठी मला पदवी मिळेल.

एक करा. प्रबंधात येण्याआधी गोदाकाकूंना तुमच्या तोंडून कळू दे. मूळ पान सोबत पाठवते, प्रत माझ्याकडे आहे. त्या अजून उकव्यातच असतात, नातीजवळ.

तुमच्यावरची माझी माया आटलेली नाही. आटली असती तर सोपं झालं असतं.

वैदेही

*

बालाघाट,
८ एप्रिल २०२५

चि. वैदेहीस,
आशीर्वाद.

काल बैहरच्या बसनं उकव्याला जाऊन आलो. गोदाबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. भैयालालची नात मयुरी हिनं खाट टाकली, पाणी दिलं. मी पान उघडलं आणि सगळं सांगितलं, परीक्षेपासून नकाशापर्यंत. मला माझाच आवाज कळत नाही, त्यामुळे अर्ध्या वस्तीनं ऐकलं असणार. दारादारांत बाया उभ्या राहिल्या होत्या.

मग मी एक वेडेपणा केला. गेरूचा डबा सोबत नेला होता. वाटलं, भैयालालच्या जागी त्यांनी बोट लावलं तर ते पान पुरं होईल. गोदाबाईंनी डब्याकडे पाहिलं, झाकण लावलं आणि तो माझ्या पिशवीत परत ठेवला.

त्यानंतर त्या बोलल्या. बराच वेळ बोलल्या, वैदेही. रागावून नाही, सावकाश, माझ्याकडे पाहून. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. नुसते ओठ हलताना दिसले. मयुरी मोबाईलवर लिहून दाखवणार होती, तर त्यांनी तिचा हात धरला. मी बसून राहिलो आणि बस आली तेव्हा उठलो.

त्यांनी मला माफ केलं की शाप दिला, हे ठाऊक नसताना मला झोप नाही. तुझ्या कानांनी ऐकून ये आणि मला लिही. जे असेल ते. मुलीजवळ बापानं लोभ मागायचा नसतो, पण मागतो.

तुझा,
बाबा

*

उकवा,
२१ एप्रिल २०२५

तीर्थरूप बाबांस,
वैदेहीचा नमस्कार.

गोदाकाकूंच्या ओसरीवर बसूनच लिहितेय. त्यांनी मला जेवू घातलं, माझं शिक्षण विचारलं. मयुरी यंदा बालाघाटला कॉम्प्युटरच्या पदवीला जाणार आहे, वह्या लागल्या तर मी देईन म्हटलं. ते पान प्रबंधाला जसंच्या तसं लावलं आहे. खाली तुमचं नाव आहे, आणि ही मोजणी झालीच नव्हती हेही आहे. सरांना ते पटलेलं नाही, त्यामुळे जूनची पदवी डिसेंबरवर गेली. जाऊ दे.

तुम्ही विचारलंत ते सांगते. माफी नाही आणि शापही नाही. गोदाकाकूंना तुम्ही नवीन काहीच सांगितलं नाहीत. भैयालालकाका त्या सोमवारी घरी आले तेव्हाच बोलले होते, की या महिन्याच्या पानावर माझं बोट नाही, पण साहेबाचा आकडा हाय, तं चिंता नाही. बावीस वर्षं त्यांना ठाऊक आहे.

आणि त्यांनी ते चौकशीत उभं राहून सांगितलं होतं. साहेबाची वही आणा, ते पान पाहा, त्यावर माझ्या नवऱ्याचं बोट नाही. चौकशीचे अधिकारी तुमच्याकडे वळले. तुम्ही खाली पाहिलंत. मग बाई दुःखात काहीही बोलते असं म्हणून त्यांनी पुढचं नाव पुकारलं. बाबा, तुम्ही मला सगळं लिहिलंत, हे लिहिलं नाहीत.

मी त्यांना म्हटलं, बाबांना वाईट वाटतं की त्या दिवशी अंगणात तुमचं बोलणं त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि मला हे लिहायला सांगितलं, जसं म्हणाल्या तसंच लिहितेय. साहेबाले सांग, आता ऐकू नाही येत, हौ, मी समजते. पण तवा त्यायले ऐकू येत होतं.

वैदेही