क्रूसाचा आडवा हात

अण्णा, माझ्या या दोन हातांनी केलेल्या वस्तू अशा. आपल्या चर्चचं सागवानी व्यासपीठ, उंची तीन फूट दहा इंच. चौदा बाकं, एकातही खिळा नाही. दानपेटी, जिचं झाकण अजून वाकलेलं नाही असं धाकटीनं मागच्या नाताळला फोनवर सांगितलं. आईचा नऊ खणांचा मसाल्याचा डबा. तुमची शवपेटी, कारण मी तेव्हा सुट्टीवर होतो आणि बाजारातली हलकी फळी तुमच्या अंगाखाली गेलेली मला चालली नसती. इथे शारजात बावीस वर्षांत चार हॉटेलांचे काउंटर, दुबईत ऊद मेथातल्या एका शाळेची अख्खी लायब्ररी, एका शेखच्या बैठकीचे दरवाजे, एका मशिदीत कुराण ठेवायची कपाटं. आणि गेल्या महिन्यात एक पोडियम, जो मी अर्ध्यावर सोडला. आयटीआय नाही, डिप्लोमा नाही. दहावीनंतर मिशनच्या बंद पडलेल्या वर्कशॉपात गंजक्या पटाश्या घासत शिकलो, आणि एका इंग्रजी पुस्तकातल्या आकृत्या बघून, कारण त्याखालचं इंग्रजी समजत नव्हतं. आज डिग्रीवाले इंजिनिअर माझ्यासमोर ड्रॉइंग पसरतात आणि मी लाल पेनानं त्यांच्या चुका काढतो. गर्वानं लिहितोय, हो. तुम्ही म्हणाला असता, गर्व कर बाबा, पण मापं तरी बरोबर सांग. मापं बरोबर आहेत.

लिहायला बसलो त्याचं कारण सरळ आहे. मी एका अमेरिकन माणसाला नाही म्हटलं, आणि घरी सांगितलं की त्यानंच मला नाही म्हटलं. तीन आठवडे झाले. पहिल्या गोष्टीबद्दल मला वाटतं तुम्ही पाठीवर हात ठेवला असतात. दुसरीबद्दल काय केलं असतंत ते मला माहीत आहे, आणि म्हणूनच कारखान्यात माझं लक्ष लागत नाही. काल एक दार चार मिलिमीटर आखूड कापलं. मी. चार मिलिमीटर.

ते व्यासपीठ केलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. शाळेत पोरं आपल्याला दूधपावडरवाले म्हणायची, मिशनच्या दूधपावडरीसाठी धर्म बदललेले म्हणून, आठवतं ना. एका प्रजासत्ताक दिनाला गुरुजींनी भर वर्गात विचारलं होतं, काय रे, तुमचा झेंडा कुठला, अमेरिकेचा का? वर्ग हसला, मीही हसलो, कारण दुसरं काय करायचं ते कळलं नाही. ते डोक्यात होतं. म्हणून व्यासपीठाच्या पुढच्या फळीवर वर क्रूस कोरला आणि त्याच्या खाली अशोकचक्र, आठ इंच व्यासाचं, चोवीस आरे, प्रत्येक आरा कंपासनं मोजून. सहा दिवस लागले. शनिवारी तुम्ही उद्याच्या उपदेशाचं वचन बघायला चर्चमध्ये आलात. अजून दिसताय मला: चष्मा कपाळावर चढवलेला, बोट चक्रावरून हळूहळू फिरतंय. "सुरेख कोरलंयस," म्हणालात. मग म्हणालात, "रंधा आण."

मी विचारलं, अण्णा, हा आपला देश नाही का? तुम्ही आवाज चढवला नाहीत. "आहे म्हणून तर सांगतो. झेंडा अंगणात लावू, दोरी मी ओढीन. पण इथं उभं राहून उद्या मला दिल्लीला तुम्ही चुकलात म्हणायची वेळ आली, तर चक्रावर हात ठेवून कसं म्हणू? आणि दिल्ली लांब आहे, तुलाही चुकलास म्हणायचं असतं." मी रंधा मारला. कोरीव काम खोल होतं, पाव इंच लाकूड गेलं आणि फळीच्या मधोमध एक खळगा राहिला. रविवारी उपदेश देताना तुमचा हात त्या खळग्याशी जायचा. मी दोन महिने उपासनेला आलो नाही. तुम्ही एकदाही ये म्हटलं नाहीत, आईलाही म्हणू दिलं नाहीत. तो राग मी इथवर घेऊन आलो, सामानात इतर काही फारसं नव्हतंच.

इथलं तुम्हाला माहीत नाही. इथे आपल्या लोकांची रविवारची उपासना कित्येक वर्षं शुक्रवारी व्हायची, कारण सुट्टी शुक्रवारची. चर्चसाठी जमीन इथल्या राज्यकर्त्यांनी दिलेली. एकाच आवारात इंग्रजी, मल्याळम, तमीळ, उर्दू, फिलिपिनो आणि दीड तास आपण मराठी. आमच्या इमारतीवर बाहेरून क्रूस नाही, आत आहे. कुणाची तक्रार नाही, माझीही नाही. तो अमेरिकन पाहुणा म्हणून इंग्रजी उपासनेला आला होता. तिथलं प्रभुभोजनाचं टेबल मी केलेलं. त्यानं टेबलाखाली वाकून सांधे पाहिले, मग माझा नंबर शोधत कारखान्यात आला. साठीचा, उंच, हात शेतकऱ्यासारखे. त्याची तिकडे संस्था आहे, गावोगावी सभा भरवते. निवडणुकीला उभे राहणारे तिथे येऊन आपल्या विश्वासाबद्दल बोलतात, आणि सभेत त्यांच्यासाठी प्रार्थना होते. त्याला त्या सभांसाठी पोडियम हवे होते. आधी एक सॅम्पल.

आमचे शेठ रायगडकडचे, पाच वेळचे नमाजी. ड्रॉइंग बघून म्हणाले, "मिस्त्री, तुझ्या अल्लामियाँचं काम आलं बघ थेट अमेरिकेतून. माझ्या मशिदीच्या कपाटांना तू इतका पॉलिश मारला नव्हतास."

"तुम्ही इतके पैसे दिले नव्हते, शेठ."

"घ्या. जीभ तेवढी पटाशीपेक्षा धारदार. यल्ला, चल, सॅम्पल दे, खलास."

ड्रॉइंगमध्ये पुढच्या बाजूला तीन फुटी क्रूस होता, अक्रोडाचा, आणि त्यांच्या देशाचा झेंडा त्याच्याभोवती लपेटलेला, पट्ट्या फिक्या-गडद लाकडाच्या. कागदावर देखणं दिसत होतं. मी पट्ट्या कापल्या, तेरा, एकसारख्या. तारे कोरायला घेतले. मग बसवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की झेंडा क्रूसाच्या आडव्या हातावरून पुढे येतो, म्हणजे दीड इंची जाडीचा तो हात पाऊण इंचावर आणायला लागणार. अर्धा छाटायचा. रंधा हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. अण्णा, तुमचा आवाज वगैरे काही आला नाही. फक्त मनगट पुढे जाईना. बावीस वर्षांत असं झालेलं नाही.

त्याला बोलावून सांगितलं, झेंडा वेगळ्या काठीला लावू, शेजारी उभा करू, ती काठीही मीच करून देतो, फुकट. तो म्हणाला, नाही, दोन्ही एक आहेत हेच तर लोकांना दिसायला हवं. मग माझ्या मोडक्या इंग्रजीत मी चक्राची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. टोपी काढून हातात धरली. म्हणाला, तुमचे वडील देवमाणूस असणार, पण आमचा देश वेगळा आहे, तो याच पायावर उभा राहिला आणि आता लोक तो पायाच काढून घेतायत. माझी नात मला म्हणते, आजोबा, ते तुमचं सत्य, माझं वेगळं. हे सांगताना त्याचे डोळे भरले, अण्णा. नाटक नव्हतं. आणि मला त्याचं पटलंही. नव्वद अंश म्हणजे नव्वद अंश, माझा काटकोन मापायचा गुण्या वेगळा आणि तुझा वेगळा असं म्हणणाऱ्याचं कपाट कोसळतं. माझा पोरगासुद्धा त्या नातीचंच वाक्य मला ऐकवतो.

तरी मी विचारलं, तुमच्या सभेत दुसऱ्या धर्माचा माणूस आला, त्या पोडियमसमोर बसला, तर? तो मनापासून म्हणाला, त्याचं नेहमीच स्वागत आहे. मी म्हटलं, साहेब, माझंही इथे बावीस वर्षं स्वागत आहे, आणि चांगलं आहे. पण मी नोकरीला आलेला परका माणूस आहे. मला परत जायला गाव आहे. तुमचा तो माणूस त्याच गावात जन्मलेला असेल, त्यानं कुठे परत जायचं? त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, याच्यासाठी मी प्रार्थना करीन. करत असेलही.

पण मी बरोबर होतो का, ते मला कुठे कळलंय. तुम्ही स्वतः गावातल्या दारूच्या गुत्त्याविरुद्ध मामलेदार कचेरीसमोर बसला होतात, पाळकाचा पांढरा झगा घालून, भजनमंडळी घेऊन, मृदंगासकट. शेजारी मोहल्ल्यातल्या बायका होत्या, मारुतीच्या देवळातले बुवा होते. तेव्हा विश्वास घरी ठेवून गेला नव्हतात. गुत्ता बंद झाला, आणि निवडणुकीत त्याचं श्रेय घ्यायला पुढारी आले तेव्हा तुम्ही त्यांना चहा पाजून वाटेला लावलंत. त्या अमेरिकन माणसात आणि तुमच्यात रेघ नक्की कुठे आहे? मला ती इंचात हवी आहे. कधी वाटतं रेघ आहे, स्वच्छ आहे. कधी वाटतं, जो कधी पाहुणा म्हणून जगलाच नाही त्याचा मला हेवा वाटला आणि मी त्याला तत्त्वाचं नाव दिलं. आणि कधी वाटतं, एकोणिसाव्या वर्षी मला जे छाटायला लावलं ते फुकट गेलं नाही, एवढं स्वतःला पटवायला मी पोराचं भविष्य वापरलं.

कारण प्रश्न पोराचा आहे. बारावी झाली. अमेरिकेतल्या कॉलेजांची पानं त्यानं लॅपटॉपवर उघडून ठेवलेली असायची. सॅम्पल बघायच्या आधीच त्या माणसानं मला हे पोडियम करायला तिकडेच नोकरीला ये म्हटलं होतं, सगळ्यांना घेऊन, हे घरी ठाऊक होतं. तपशील नव्हता. इथल्या आमच्या अल मजाजच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर मी म्हटलं, त्यांच्याकडून नाही आलं. वाक्य इतकं सफाईनं बाहेर पडलं की मलाच नवल वाटलं. पोरगा उठला. खाली जाऊन कागदी कपात दोन करक चहा घेऊन आला, एक माझ्यापुढे ठेवला. "देअर लॉस, पप्पा. दे डोन्ट डिझर्व्ह यू." आणि लॅपटॉप मिटला. मला खरं तर त्यानं भांडायला हवं होतं. तुम्ही निदान मला तोंडावर सांगितलंत, रंधा आण म्हणून. रागवायला माझ्यासमोर तुम्ही होतात. त्याच्यासमोर कुणी नाही, एक खोटा अमेरिकन आहे.

तुमच्या सुनेनं इस्त्री करता करता विचारलं, "त्या गोऱ्यानं खरंच नाही म्हटलं?"

"हो."

"तुमच्या हातांचे फोटो काढत होता तो. मग एकाएकी काय झालं?"

"त्यांचं काय, अमेरिकन ते."

"हं," म्हणाली, आणि माझाच शर्ट परत एकदा इस्त्री करायला घेतला.

पोराला मराठी वाचता येत नाही. हे पत्र टेबलावर उघडं पडलं तरी तो त्यावर कप ठेवील. तुम्हाला मराठीतच लिहायचं होतं हे खरं, पण तेवढंच खरं नाही. तिला वाचता येतं, म्हणून हे पटाश्यांच्या खणात जाईल, तिथे ती हात घालत नाही. तोंडानं कुणाला सांगितलेलं नाही ते लिहितो. त्या नोकरीचा आकडा ऐकल्यावर मी लगेच नाही म्हटलं नव्हतं, दोन दिवस मागून घेतले होते, आणि त्या दोन दिवसांत तिथल्या घरात माझं वर्कबेंच कुठल्या खिडकीखाली लावायचं तेही ठरवलं होतं. त्यांच्या वर्कशॉपचा प्रमुख मिस्त्री, राहायला घर, तिघांचे कागद, पोराची कॉलेजची चारही वर्षांची फी, आणि महिना सहा हजार डॉलर, म्हणजे बावीस हजार दिरहम, म्हणजे पाच लाख रुपयांच्या वर.