विषाच्या खोलीतला ओटा

आप्पा, तुमच्या दुकानात आता स्वयंपाकघर होतंय, आणि तेही विषाच्या खोलीत.

इंदापूर रस्त्यावरचं तुमचं खतं-औषधांचं दुकान तुम्ही गेल्यापासून कुलपात होतं. आता तुमच्या धाकट्या लेकानं त्याचं घर करायला घेतलंय. पुढच्या गाळ्यात भाजीचं दुकान, मागं नि वर राहायचं. पाटी रंगवून तयारसुद्धा आहे: ‘विषमुक्त भाजीपाला व सेंद्रिय गूळ’. ज्या भिंतींना तुमची सगळी हयात कीटकनाशकांची खोकी टेकून होती, त्यांच्यावर ही पाटी. मागच्या कोपऱ्यातल्या त्या खोलीत वास्तुवाल्यानं होकायंत्र फिरवलं आणि सांगितलं, आग्नेय दिशा हीच, ओटा इथंच. त्या खोलीत आधी काय होतं, हे त्यानं विचारलं नाही आणि आपल्या माणसांनी सांगितलं नाही. शेतकरी त्या मालाला औषध म्हणायचे. तुम्ही मात्र खोलीला विषाची खोलीच म्हणायचात.

आठवतंय, मी नऊ वर्षांची आहे, पुण्याहून नन्सच्या शाळेतून सुट्टीला आलेय, आणि त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून उकडलेल्या शेंगा खातेय. अंथुर्ण्याचं कुणी गिऱ्हाईक तुमच्यासमोर उभं आहे. त्याला तसंच सोडून तुम्ही येता, माझ्या हातावर फटका मारता, शेंगा दुकानभर उडतात. “हितं तोंड हलवायचं न्हाय! पानीबी प्यायचं न्हाय हितं, कळलं का?” मग बाहेरच्या नळाखाली माझे हात कोपरापर्यंत चोळता, कातडी लाल होईतो. “आप्पा, लेकरू हाय, जाऊ द्या की,” असं तो माणूस म्हणतो, आणि तुम्ही त्याच्याकडे बघतही नाही. तुमचा दुकानातला सदरा दुकानातच खिळ्याला राहायचा, घरी तो कधी आला नाही. एकदा डबा फुटून औषध फरशीच्या सांध्यांत मुरलं, तेव्हा वाळू पसरून तुम्ही ती खोली महिनाभर बंद ठेवलीत. चौथी शिकलेल्या माणसाला जे कळत होतं ते डिप्लोमा केलेल्या त्याच्या मुलाला कळत नाही.

गेल्या आठवड्यात मी बघायला गेले. गवंडी, चांगला साठीचा माणूस, कपाळाला हात लावून उभा होता. “बाई, तीनदा गिलावा केला. पापुद्रं सुटत्यात. आतनं खार आलाय भिंतीला.” मी म्हटलं, मग मालकाला सांगा. “सांगितलं की. म्हनत्यात, वरनं टाईल बसवा. आमी आपला डबा भायेर खातो, लिंबाखाली.” तेवढ्यात धाकट्याचा नातू, दीड वर्षाचा, भिंतीशी बसून काहीतरी चघळताना दिसला. मी बोट घालून त्याच्या तोंडातून गिलाव्याचा पापुद्रा काढला. ओला, पिवळट. तो अजूनही माझ्या बोटांना चिकटल्यासारखा वाटतो.

मग माझी जीभ सुटली. फरशी उखडा, भिंती विटेपर्यंत सोलून काढा, निदान ओटा पुढच्या खोलीत घ्या, असं मी धाकटा, त्याची बायको आणि गवंडी अशा तिघांदेखत सांगितलं. आयुष्यभर मी रसायनशास्त्र शिकवलं, आप्पा, मला हे अंदाजानं बोलायची गरज नव्हती. “आक्का, टाईल बसली की काय दिसायचं न्हाय,” धाकटा म्हणाला. दिसायचा प्रश्नच नाहीये, मूर्खा, असं मी म्हणाले. त्याची बायको पदर खोचून पुढं आली. “वन्सं, तुमी कॉन्व्हेंटच्या. तुमचा इश्वास न्हाय वास्तूवर. आमाला घरात सुख पायजे.” “मग सरळ चमचा घ्या आणि पाजा की पोराला,” मी म्हणाले. ते बोलायला नको होतं, पण बोलले, आणि परत बोलेन. तेव्हा धाकट्यानं आवाज न चढवता सांगितलं, “तू सही दिलीयास, आक्का. घर आमचं हाय.”

काल ओट्याचा काळा दगड बसला. गृहप्रवेशाला पहिलं दूध उतू घालवायचा मान माझा, म्हणून निरोप आलाय. मी जाणार नाही. त्यानं तिथली चूल पेटायची थांबत नाही, हेही मला माहीत आहे.

आता सहीचं सांगते. तुम्ही गेल्यावर मी हक्कसोडपत्र करून दिलं, बदल्यात एक साडी घेतली, आणि सगळ्या भावकीत माझं नाव झालं, बहीण असावी तर अशी. रजिस्ट्रार कचेरीतला कारकून म्हणाला होता, बाई, नीट वाचून घ्या. मी वाचलं नाही. मला भावाची माया आली होती असं नाही. मला त्या दुकानाची किळस होती. माझी फी त्याच दुकानातून जायची आणि मी वर्गात सांगायचे, वडील शेती करतात. त्या जागेशी आपलं नाव कुठं जोडलेलं राहू नये, एवढंच मला हवं होतं. माझा हिस्सा मी ठेवला असता, तर आज माझ्या सहीवाचून तिथली एक वीट हलली नसती.

परवा भावकीतल्या एका सुनेनं पुन्हा माझ्या दिलदारीचं कौतुक केलं. मी तिला चहा दिला आणि कौतुक ऐकून घेतलं.