चिकटवलेली शेपूट

दि. ९ जानेवारी

प्रिय दादास,
सप्रेम नमस्कार. हे पत्र वकिलांकडे देते आहे, ते कोठडीत पोचवतील. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तोंड त्याहून जास्त. तुझ्या खाणीला कुलूप लागलंय. कुत्र्याला मी खायला घालते.

तुझा निरोप मिळाला. ‘नवरा शिडीवरून पडला म्हणून सांग.’ आईचंही तेच. म्हणे, नवरा बरा होऊन उठेल, भाऊ एकदा आत गेला की गेला.

दादा, हे संग्रहालयासाठी दगड साफ करायचे त्याच खोलीत मी प्लास्टर कालवत होते रे! तू विकायला आणलेल्या दगडातल्या पाखराच्या जीवाश्माची शेपूट ह्यांनी सुईने खरवडली, तर खालून डिंक निघाला. भाव चढावा म्हणून भलत्याच डायनासोरची शेपूट चिकटवली होतीस. हे एवढंच म्हणाले, “दादा, ही ह्याची नाही. संग्रहालयाला मी खोटं सांगणार नाही.”

“घरचा असून माझ्याच पोटावर पाय देतोस?” असं ओरडलास आणि हातोडा उचललास. पहिल्या घावात जबडा गेला. हे खाली पडले. मी तुझा दंड धरला, तर मला भिंतीवर भिरकावलंस आणि पडलेल्या माणसाच्या डोक्यात पुन्हा घातलास. दगडावर रक्त, दात, सगळं एक झालं होतं. ते मीच पुसलं.

मग संग्रहालयातल्या मॅडमनी तो दगड पुढे साफ केला. तुझ्या डिंकाखाली, दगडाच्या पातळ थरात, त्या पाखराची स्वतःची शेपूट होती. डायनासोरसारखी, हाडांची, लांब. हातांना पिसं, तोंडात दात. मॅडम म्हणाल्या, धावणारे डायनासोर आणि उडणारी पाखरं यांच्यामधला जीव तो हाच. अस्सल दुव्यावर तू नकली दुवा थापलास. जरा धीर धरला असतास तर! पण घाई तुझ्या पाचवीलाच पुजलेली.

मॅडमनी फोटो दवाखान्यात आणला. ह्यांचा जबडा तारांनी बांधलेला. बोलता येईना, पण माझा हात घट्ट दाबला. डोळे हसत होते.

काल दुपारी हे गेले. पहिल्या ओळीत हेच लिहायचं होतं, पण आईच्या गुडघ्यांवर लिहीत बसले. तिला अजून सांगितलेलं नाही. मला तुझा राग येतो.

उद्या माझा जबाब आहे. शिडी नव्हती, हे मी सांगणार. दुसरा घावही सांगणार.

खाली ‘तुझी’ लिहून खोडलंय. वाचता येईल तुला.

धाकटी