भवानीचे बोंबील

गुरुवार, संध्याकाळ

आमची संघटना भवानीवरच बुडणार होती! अर्नाळ्याच्या कोळणींनी शपथ घेतली होती, ठरल्या भावाखाली व्यापाऱ्याला बोंबील द्यायचे नाहीत. पण काल तो लबाड सगळ्यांच्या आधी आला आणि प्रत्येकीने पडेल भावात दिले. का? मंजुळामावशी म्हणाली, "पयलं गिऱ्हाईक. भवानीला नाय म्हनू नये, ताई."

म्हणून आज त्याच्याआधी मीच गेले. प्रत्येकीकडून एकेक वाटा घेतला. मावशीकडे सवयीने घासाघीस केली, तर म्हणते, "सगल्यांना एकच भाव. तुम्हीच शिकवलाव ना?"

मग व्यापाऱ्याने तोंड वाकडं करून ठरलेला भाव मोजला. जिंकलो!

आज गुरुवार. सासूबाईंनी फ्रिज उघडला आणि नाकाला पदर लावला. त्यांना कसं सांगू, उद्या परत भवानी आहे?