शुक्रवारी बघू

प्रिय वत्सला,

गेल्या महिन्यात एका सकाळी मी मनीषाच्या शाळेत गेलो. तिच्या बाईंनी चिठ्ठी पाठवून बोलावलं होतं. फाटकाशी शिपायाने विचारलं, "कितवी? कोणती तुकडी?" मनीषाचं नाव सांगितलं, दहावी म्हणालो आणि अडलो. मग 'ब' असं ठोकून दिलं. तो म्हणाला, "ती तर 'अ'मध्ये आहे. नेहमी तिची आई यायची. तुम्ही कोण, मामा का?"

"बाप," मी म्हणालो.

बाईंनी हजेरीपट पुढे सरकवला. दिवाळीनंतर मनीषा आठवड्यातून जेमतेम दोन दिवस शाळेत आली होती. उरलेले दिवस ती घरी स्वयंपाक, धुणी, पाणी भरणं यांतच. आणि मी कुठे होतो? खालीच, आपल्या यंत्रमागाच्या कारखान्यात. मध्ये फक्त एक जिना!

तू गेल्याला नऊ महिने झाले. तुला लिहावं असं पुष्कळदा मनात आलं, पण कोणत्या तोंडाने लिहू असं वाटायचं. आज लिहितो आहे, कारण तुला सांगण्यासारखं काहीतरी शेवटी हातून झालं आहे. पण आधी झाल्या चुका सांगू दे.

त्या सकाळी घरी आलो तेव्हा पोरगी भाकऱ्या थापत होती. "मला का नाही बोललीस?" मी विचारलं. तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "शुक्रवारी सांगणार होते, बाबा."

टोमणा नव्हता ग तो. तिने खरंच तसं ठरवलं होतं. आपल्या घरात ही रीत कोणी घातली, मीच ना?

आपल्या भिवंडीत लूम शुक्रवारी बंद. तुमची सगळ्यांची सुट्टी रविवारी, माझी शुक्रवारी. चौदा वर्षं संसाराचं हे गणित मी तसंच चालू दिलं. रविवारी तुम्ही दोघी मोकळ्या, तर मी लूमपाशी. आणि शुक्रवार तरी मोकळा कुठे होता? यंत्रांना तेल घाल, पट्टे बदल, सुताच्या व्यापाऱ्याकडे खेप मार. मग घरातलं जे काही असेल, त्याला माझं एकच उत्तर, शुक्रवारी बघू.

तू एकदा म्हणालीस, तिघं मिळून अकलोलीला जाऊ, गरम पाण्याच्या कुंडांवर. तुझ्या माहेरापासून दोन कोसांवर, पण मी कधी पाहिली नव्हती. मी म्हणालो, शुक्रवारी जाऊ. तू विचारलंस, "अवो, पन कंच्या शुक्रवारी? पंचांगात तरी हाय का तो?" मी हसलो, तूही हसलीस. अजून मी ती कुंडं पाहिलेली नाहीत.

आणि पैसा! चार लूमवर सुरुवात केली तेव्हा मनीषा पाळण्यात होती. हाती थोडी रक्कम आली की दोन लूम वाढवायचे, एवढंच मला कळत होतं. नवी जोडी आली की तू हळदकुंकू वाहायचीस, मी नारळ फोडायचो. बारावा लूम बसला त्या दिवशी तू कारागिरांसमोर म्हणालीस, "झाली! मनीषाला आनखी दोन भावंडं झाली. तिला ताप आला तर शुक्रवारी बघू, आन् यांना नुसता खोकला झाला तरी हे पाना घेऊन धावनार." आपले सगळ्यांत जुने कारागीर रहीमचाचा इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. मला मात्र राग आला होता. खरं बोललीस म्हणूनच आला असावा.

पोस्टातल्या तुझ्या बचतीच्या पुस्तकाचंही मनाला लागून राहिलं आहे. भाजी, दूध, सण यांतून वाचवून तू ते मनीषाच्या कॉलेजसाठी भरत होतीस. सुताचा भाव चढत होता. मला वाटलं, आत्ताच सूत भरून ठेवू, दिवाळीपर्यंत पैसे दुप्पट होतील. पुस्तकातली रक्कम काढायला सही हवी होती तुझी. तू केलीस. महिन्याभरात भाव उतरला आणि ते सूत मी पडेल भावाला विकलं. का केलीस ग सही? एरवी मला एवढं सुनावायचीस, तेव्हा एकदा 'नाही' म्हणायचंस!

मग तुझी धाप सुरू झाली. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहायचीस. ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं, आणि एकामागोमाग तीन शुक्रवार गेले. एकदा मोटार जळाली, एकदा माल पोचवायचा होता. तिसऱ्यांदा काय होतं तेही आठवत नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय आधीच फार थकलं होतं, तीन आठवड्यांनी फरक पडला नसता. त्यांचं खरं असेल. पण ते तीन आठवडे तू माझी वाट पाहिलीस, याचं काय करू?

देवापुढचा दिवा मी एक दिवस चुकवला नाही. रोज बरकत मागायचो. शाळेतून आलो त्या संध्याकाळी दिवा लावला, हात जोडले, आणि बरकत मागवेना. इतकंच म्हणालो, देवा, जे दिलं आहेस ते सांभाळता येऊ दे.

दुसऱ्या दिवसापासून पाणी मी भरतो. भात जमतो. माझी भाकरी बघून मनीषा म्हणते, "बाबा, हा भारताचा नकाशा आहे का?" पण ती रोज शाळेत जाते. परीक्षेला अवकाश आहे, बाई जास्तीचा वेळ बसवून घेतात. पुढे तिला विज्ञान घ्यायचं आहे, कॉलेज कल्याणला. हे मला तिने मंगळवारी सांगितलं. मी तेव्हाच ऐकून घेतलं.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. बारा लूम ठेवून मी घरचा झालो नसतो, हे मला ठाऊक होतं. लूम विकायचे, हे मनाशी ठरवायला तीन आठवडे लागले. "बेच दूँ क्या?" असं रहीमचाचांना विचारलं, तर म्हणाले, "बेच दो सेठ. बहुत हो गया कारखाना, अब थोड़ी घर की ड्यूटी करो."

वत्सला, मनीषा जिथवर शिकेल तिथवर तिला शिकवीन, आणि तिच्या नावाच्या पैशाला पुन्हा कधी हात लावणार नाही, हे तुला वचन.

काल मालेगावचं गिऱ्हाईक ट्रक घेऊन आलं. बारांतले आठ लूम मी विकले. आलेली रक्कम मनीषाच्या नावावर ठेवली. उरलेले चार रहीमचाचांना चालवायला दिले आणि कारखान्याची किल्ली त्यांच्या हातात ठेवून मी वर घरी आलो.

तुझा,
मनीषाचे बाबा