बाळूच्या बोटांवरची शाई

कळवा, मंगळवार, १९९२

आफ्रिकेत निवडणूक नीट व्हावी म्हणून देशोदेशीची माणसं बोलावली, त्यांत माझा बाळू गेला. निकालानंतर तिथे गोळीबार सुरू झाला, रेडिओवर ऐकलं. तेव्हापासून पत्र नाही.

शेवटच्या पत्रात लिहिलेलं, एक म्हातारी दोन दिवस चालत आली, बोटाला शाई लावली तर रडली. वेडी कुठली!

आज खाडीला नारळ दिला. नात म्हणाली, "आजी, बाबा विमानाने गेलेत."

"विमान काय पाण्यावरून नाही गेलं? हात जोड, शहाणे."

ती शाई लवकर निघत नाही. बोट बघून मारत असतील का म्हातारीला? इथे मतदानाची ड्यूटी करून यायचा तेव्हा बाळूचीच बोटं सगळ्यांत काळी असायची. मी राखेने घासून द्यायचे. तिथे कोण घासणार?